आग्रा ते त्सापारांग : माणा खिंडीतून पुन्हा पुन्हा गेलेले जेझुइट

हिमवाट

बद्रीनाथला जाऊन आलेल्या बहुतेकांनी माणा गाव पाहिलेलं असतं. भीमपूल, व्यासगुंफा, शेवटच्या दुकानातला चहा, आणि तिथून गाडी मागे फिरते. त्या गावाच्या वर, सरस्वती नदीच्या उगमाकडे चढत गेलं की तिबेटात उतरणारी माणा खिंड लागते. उंची साडेपाच हजार मीटरच्या वर. १६२४ साली दोन पोर्तुगीज जेझुइट (‘सोसायटी ऑफ जीझस’ या कॅथलिक संघाचे मिशनरी) ही खिंड ओलांडून पश्चिम तिबेटातल्या गुगे राज्याच्या राजधानीत, त्सापारांगला पोचले. हिमालय ओलांडून तिबेटात गेल्याची खात्रीलायक नोंद असलेले हे पहिले युरोपीय. आपल्याकडे सुरुवातीच्या कॅथलिक मिशनऱ्यांचा विषय निघाला की गाडी गोव्यात आणि सेंट झेवियरपाशीच अडते, म्हणून हा धागा.

आंतोनियो द आंद्राद हे पोर्तुगालमधल्या ओलेइरोश गावचे, जन्म १५८०. विशीत गोव्याला आले. पुढे आग्र्याच्या मिशनचे प्रमुख झाले, म्हणजे जहांगीरच्या दरबारात त्यांची ऊठबस होती. हिमालयापलीकडे कुठेतरी जुने, जगापासून तुटलेले ख्रिस्ती लोक राहतात, ही समजूत तेव्हा युरोपीयांत पक्की होती. आग्र्याला येणाऱ्या व्यापाऱ्यांच्या बोलण्याने तिला खतपाणी मिळत होतं. ३० मार्च १६२४ रोजी आंद्राद आणि ब्रदर मानुएल मार्केश आग्र्याहून निघाले. दिल्लीत त्यांना बद्रीनाथला चाललेला यात्रेकरूंचा जथा भेटला. अशी सोबत पुन्हा मिळायची नाही, हे आंद्रादनी ओळखलं. वरिष्ठांची परवानगी मागवायला, उत्तराची वाट बघायला वेळ नव्हता. दोघांनी हिंदूंचा वेश केला आणि जथ्यात सामील झाले.

हरद्वारच्या पुढची वाट आंद्रादनी पत्रात सविस्तर लिहिली आहे. कड्याला चिकटून जाणारी पायवाट, एकामागे एक पाऊल टाकावं इतकीच रुंदी, खाली गंगा गर्जत चाललेली. दोराचे पूल. जिथे नदीवर बर्फ साचून आपोआप पूल झालेला, तिथे त्या बर्फावरून पलीकडे जायचं आणि त्याच्या पोटाखालून पाणी वाहतंय. यात्रेकरू ‘जय बद्रीनाथ’चा घोष करत चालायचे, त्याचीही नोंद पत्रात आहे. गढवालच्या राजधानीत, म्हणजे श्रीनगरला (काश्मीरचं नव्हे, अलकनंदेकाठचं), त्यांना अडवून चौकशी झाली. हे ना व्यापारी दिसतात ना यात्रेकरू, मग आहेत तरी कोण? कसेबसे सुटून दोघं माण्याला पोचले.

खरी गोष्ट इथून पुढे आहे.

खिंड अजून उघडली नव्हती. माण्याचे भोटिया लोक बर्फ वितळेपर्यंत कधीच वर जात नाहीत, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने तेच शहाणपणाचं होतं. पण श्रीनगरचा राजा माणसं धाडून आपल्याला परत नेईल, ही आंद्रादना धास्ती. म्हणून मार्केशना गावात ठेवून, दोन ख्रिस्ती नोकर आणि गावातला एक वाटाड्या घेऊन ते गुपचूप निघाले. तिसऱ्या दिवशी मागून माणसं आली. वाटाड्याला दम भरला, की परत फिर, नाहीतर तुझ्या बायकापोरांची खैर नाही. तो बिचारा परतला. आंद्राद आणि ते दोन नोकर पुढे गेले.

बर्फ कुठे कमरेपर्यंत, कुठे छातीपर्यंत. काही ठिकाणी उभं राहिलं की माणूस आत जाई, म्हणून आडवं होऊन, पाण्यात पोहावं तसं हातपाय मारत सरकायचं. रात्री एक घोंगडं खाली, बाकीची वर, आणि तिघं एकमेकांना बिलगून. झोप लागली तर वरून पडणाऱ्या बर्फात गाडले जाऊ, म्हणून थोड्या थोड्या वेळाने उठून अंगावरचा बर्फ झटकायचा. पायांची जाणीव गेली होती. आंद्राद लिहितात की कुठेतरी आपटून त्यांच्या बोटाचा तुकडा निघाला आणि त्यांना कळलंही नाही. रक्त दिसलं तेव्हा समजलं. खायला भाजलेल्या सातूचं पीठ, बर्फाच्या पाण्यात कालवलेलं. तेही घशाखाली उतरेना.

अशा अवस्थेत ते खिंडीच्या माथ्यावर पोचले. तिथे एक तळं आहे. पलीकडे तिबेटचं पठार पसरलेलं. पण सगळं पांढरंशुभ्र, आणि त्या पांढऱ्यावर नजर लावून लावून डोळ्यांनी दगा दिलेला. वाट कुठली, उतार कुठला, काही म्हणता काही दिसेना. नोकरांच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. आंद्राद मागे फिरले. वाटेत त्यांना शोधायला वर आलेले मार्केश आणि माण्याची माणसं भेटली.

मग ते बर्फ वितळायची वाट बघत माण्यातच राहिले आणि खिंड उघडल्यावर दोघं मिळून पुन्हा निघाले. ऑगस्टमध्ये त्सापारांग. राजाने आणि राणीने त्यांना अगत्याने ठेवून घेतलं. ‘परत येईन’ असा शब्द दिल्यावरच राजाने त्यांना निरोप दिला. आंद्राद आग्र्याला आले, ८ नोव्हेंबर १६२४ ही तारीख घालून सगळी हकिगत लिहून काढली (दोन वर्षांनी लिस्बनला ते पत्र छापलं गेलं) आणि पुढच्याच उन्हाळ्यात, १६२५ मध्ये, दिलेला शब्द पाळायला पुन्हा त्याच वाटेला लागले. मार्केशही होते. १६२६ च्या ईस्टरला त्सापारांगमध्ये चर्चचा पहिला दगड बसवला गेला.

मला स्वतःला पहिल्या चढाईपेक्षा या दुसऱ्या वेळेचं मोल जास्त वाटतं. पहिल्या वेळी पुढे काय आहे ते माहीत नसतं. दुसऱ्या वेळी बोट गेलेलं असतं, बर्फाळ रात्री अंगावर निघालेल्या असतात, आणि तरीही माणूस निघतो.

आणि मार्केशबद्दल तर कुणी बोलतच नाही. ते पाद्री नव्हते, साधे ब्रदर. छापलेली पत्रं त्यांची नाहीत. १६३० मध्ये गुगेत उठाव झाला, लडाखचा राजा सेंगे नामग्याल चालून आला, गुगेच्या राजाला कैद करून लेहला नेलं आणि मिशन जवळजवळ संपलं. १६३५ मध्ये नुनो कोरेश्मा यांच्याबरोबर आणखी एक तुकडी निघाली. काही वाटेतच वारले, काही आजारी पडून मागे राहिले. मार्केश पुन्हा त्सापारांगला होते. तिथून हाकलल्यावर मिशन बंद करायचं ठरलं. तरी १६४० मध्ये अजून एक प्रयत्न झाला. रस्ता माहीत असलेला माणूस कोण? मार्केश. खिंड ओलांडल्यावर ते पकडले गेले. त्यांच्या सोबतचा तरुण पाद्री निसटला. १६४१ मध्ये त्यांचं कैदेतलं पत्र आग्र्याला पोचलं, सोडवण्याची विनंती करणारं. त्यानंतर काही नाही.

जाणकारांनी भर घालावी.

सुमेधा

फार सुरेख लिहिलंय. त्या दोन नोकरांची नावं पत्रात आहेत का? बोट आंद्रादचं गेलं, पण ते दोघंही त्याच बर्फात होते. त्यांना ना तिबेटात हरवलेले ख्रिस्ती शोधायचे होते, ना कुणाला पत्र लिहायचं होतं.

हिमवाट

सुमेधा, माझ्या वाचनात नावं आलेली नाहीत. मुद्दा अगदी रास्त आहे. आणि माण्याच्या माणसांचाही. आंद्राद जिवंत राहिले ते मार्केशनी गावकऱ्यांना वर आणलं म्हणून, आणि गावकरी आले म्हणून. ज्या गावाने वाटाड्याला दम देऊन परत बोलावलं, त्याच गावाने नंतर त्यांना ठेवूनही घेतलं.

डॉ_पांथस्थ

वैद्यकीय अंगाने थोडं. आंद्रादनी एक गोष्ट नोंदवली आहे ती मला फार महत्त्वाची वाटते. तिथले लोक सांगत की या खिंडीत जमिनीतून विषारी वाफा निघतात, धडधाकट माणूस अचानक अस्वस्थ होतो आणि पाव तासात मरतो. आंद्रादना ते पटलं नाही. कडाक्याची थंडी आणि पोटात गरम अन्न नसणं, हे कारण असावं असं त्यांचं मत.

दोघांचंही निरीक्षण बरोबर होतं, पण खरं कारण दोघांनाही सापडलेलं नव्हतं. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही निम्माच. सवय न झालेला माणूस घाईने वर गेला की डोकेदुखी, उलट्या, भूक मरणं, आणि बिघडलं तर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठून मृत्यू. सातूचं पीठ घशाखाली उतरत नव्हतं, ते चवीमुळे नव्हे. भूक मरणं हे सुरुवातीच्या लक्षणांपैकी एक असतं.

डोळ्यांचं म्हणाल तर ते बर्फांधत्व. बर्फावरून परावर्तित होणाऱ्या अतिनील किरणांनी बुबुळाचा वरचा पापुद्रा भाजतो. डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. एक-दोन दिवस अंधारात विश्रांती मिळाली तर बहुधा बरं होतं, पण खिंडीच्या माथ्यावर अंधार आणायचा कुठून? मागे फिरण्याचा निर्णय घेतला म्हणून तिघं वाचले. धाडस म्हटलं की आपण पुढे जाण्याचंच कौतुक करतो. त्या उंचीवर, मेंदूला प्राणवायू कमी पडत असताना, ‘आज नाही’ म्हणता येणं ही फार अवघड गोष्ट आहे. आजही कित्येकांना ती जमत नाही आणि ते जिवाला मुकतात.

रेवदंडेकर

हिमवाट, धागा वाचून राहवलं नाही. याच आग्र्याहून वीसएक वर्षं आधी निघालेल्या एका माणसाची गोष्ट सांगतो, कारण तिचं शेवटचं टोक आमच्या चौलात येतं.

बेंतो द गोइश. अझोर्स बेटांवरचा, हिंदुस्थानात आला तो शिपाई म्हणून. पुढे जेझुइट झाला, पण पाद्री न होता ब्रदरच राहिला, तुमच्या मार्केशसारखा. जुन्या प्रवाशांनी वर्णन केलेला ‘कॅथे’ देश आणि मात्तेओ रिची हे जेझुइट पाद्री राहत होते तो चीन, हे एकच की वेगळे? रिचींचं म्हणणं होतं एकच. पण खुष्कीच्या वाटेने जाऊन पाहिल्याशिवाय कोण मानणार? म्हणून १६०२ मध्ये गोइश निघाला. आर्मेनियन व्यापाऱ्याचा वेश, नाव अब्दुल्ला. लाहोर, काबूल, पामीर, यारकंद. यारकंदला काफिला निघायची वाट बघण्यात वर्षभर गेलं. सोबत इसाक नावाचा आर्मेनियन, शेवटपर्यंत साथ देणारा. बाकी कुणी टिकलं नाही.

१६०५ च्या अखेरीस तो चीनच्या भिंतीच्या आत, सुझोऊला पोचला. पूर्वेकडचं प्रसिद्ध सुझोऊ नव्हे. हे वायव्येचं, आजचं ज्योछ्युआन. तोवर त्याची खात्री पटली होती की कॅथे म्हणजेच चीन. पण तिथून पुढे त्याला हलता येईना. बेजिंगला रिचींकडे पत्रं पाठवायची, पण ज्याला नीट पत्ताही लिहिता येत नाही, त्याची पत्रं पोचणार कशी? एक शेवटी पोचलं. रिचींनी एका चिनी ब्रदरला धाडलं. तो मार्च १६०७ अखेर पोचला तेव्हा गोइश अंथरुणाला खिळलेला होता. ११ एप्रिलला गेला. त्याची रोजनिशी सहप्रवाशांनी फाडून टाकली, कारण म्हणे त्यात कोणाचं किती देणं आहे ते लिहिलेलं होतं. उरलेल्या चिटोऱ्यांवरून आणि इसाकच्या तोंडून ऐकून रिचींनी सगळा प्रवास लिहून काढला. नाहीतर आज गोइश कुणाला माहीतही नसता.

आता इसाक. त्याला बेजिंगहून मकाव, तिथून जहाजाने हिंदुस्थानात पाठवलं. वाटेत डचांनी जहाज पकडलं, पोर्तुगीजांनी खंडणी भरून त्याला सोडवलं. हिंदुस्थानात उतरल्यावर कळलं की बायको वारली. मग तो मोगलाईत परत गेलाच नाही, चौलात राहिला. चौल तेव्हा गजबजलेलं पोर्तुगीज बंदर. काबूल, पामीर आणि गोबीच्या कडेचा वाळवंटी मुलूख तुडवून आलेला माणूस आमच्या आगरांत नारळ-पोफळीखाली राहिला, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कित्येक दिवस भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. रेवदंड्याच्या कोटात आजही चर्चचे अवशेष उभे आहेत. पुढच्या वेळी अलिबागला याल तेव्हा जरूर बघा.

दुर्गवेडा

रेवदंडेकर, त्रिवार नमस्कार. कोर्लईला जाताना रेवदंड्याच्या कोटातून किती वेळा गेलोय. आता थांबून बघणार.

साक्षेपी

सगळं वाचलं. धाडसाबद्दल वाद नाही. पण हेतूबद्दल बोलायला हवं. ही माणसं भूगोलाच्या आवडीपोटी गेली नव्हती. त्सापारांगच्या राजाला त्याचा धर्म खोटा आहे हे पटवायला गेली होती. राजा पाद्र्यांच्या बाजूला झुकला, लामांना दुखावत गेला, लामा उठले आणि त्यातून लडाखला वाट मिळाली. एक राज्य बुडालं, त्यात या मिशनचा वाटा किती? आणि ज्या गोव्यातून ही माणसं निघत, तिथे १५६० पासून इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) बसलेलं होतं, साष्टी-बारदेशात देवळं पाडली गेली होती. माझ्या आजोळच्या कुलदैवताला नदीपलीकडे हलवावं लागलं. आमच्या घरात ही आठवण अजून जिवंत आहे. म्हणून मला नुसतं ‘केवढे शूर’ म्हणून पुढे जाता येत नाही.

हिमवाट

साक्षेपी, जाता येऊ नयेच. गोव्यात घडलं ते घडलं, आणि आंद्राद त्या व्यवस्थेच्या बाहेरचे नव्हते. लामांशी त्यांनी घातलेले वाद वाचताना मलाही जागोजागी अडखळायला होतं. समोरच्याचं म्हणणं समजून घेण्याआधीच ते चूक ठरवलेलं असतं.

गुगेबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. लडाख आणि गुगेचं वैर मिशनच्या आधीपासूनचं. राजा आणि मठांचं भांडणही सत्तेचं होतं. मठाचा प्रमुख राजाचा सख्खा भाऊच होता. पाद्र्यांच्या येण्याने त्या आगीत तेल पडलं, हे मात्र नाकारता येणार नाही.

एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. गोव्यात त्यांच्या पाठीशी विजरई होता, तुरुंग होता, फौज होती. त्सापारांगमध्ये यांतलं काहीच नव्हतं. आग्रा कित्येक आठवड्यांच्या वाटेवर, वाट वर्षातून जेमतेम काही महिने उघडी. तिथे फक्त बोलता येत होतं, आणि ऐकणाऱ्याला ‘नको’ म्हणायची पूर्ण मुभा होती. बहुतेकांनी तेच म्हटलं. मी ज्या चिकाटीबद्दल लिहितोय ती या दुसऱ्या ठिकाणची आहे.

साक्षेपी

हा फरक मान्य. हेतूचा प्रश्न माझ्यापुरता मिटलेला नाही, पण मार्केशच्या त्या पत्राने मलाही अस्वस्थ केलं हे सांगायला हवं.

मांडवीतीर

आंद्रादचं पुढे काय झालं ते धाग्यात राहिलं. १६३० मध्ये ते जेझुइटांचे प्रांतप्रमुख म्हणून गोव्यात आले. त्सापारांगची वाईट बातमी कळल्यावर त्यांनी फ्रान्सिस्को द आझेवेदो या पन्नाशी उलटलेल्या पाद्र्याला पाहणीला धाडलं. आझेवेदो १६३१ मध्ये माणा खिंडीतून त्सापारांगला गेले, तिथून थेट लेहला, सेंगे नामग्यालच्या दरबारात. ज्याने राज्य जिंकलं त्याच्याकडूनच मिशन चालू ठेवायची परवानगी मिळवली आणि लाहौल-कुलूमार्गे, थंडीच्या दिवसांत, आग्र्याला परत आले. मनालीहून लेहला बाइक घेऊन जाणाऱ्यांनी ही वाट त्या वयात पायी चालण्याची कल्पना करून बघावी.

आंद्राद पुन्हा तिबेटात जाऊ शकले नाहीत. १९ मार्च १६३४ रोजी गोव्यात वारले, विषप्रयोगाने. ते तेव्हा इन्क्विझिशनच्या कामाशीही जोडलेले होते. साक्षेपींच्या मुद्द्याशी हे जोडूनच वाचावं लागतं.

सुमेधा

मिशन मिटलं तरी वाट मिटली नाही. इप्पोलितो देसिदेरी यांचं नाव इथे यायलाच हवं. १७१५ मध्ये मानुएल फ्रेरे यांच्यासोबत काश्मीरहून लेह, आणि तिथून ऐन हिवाळ्यात पश्चिम तिबेटचं पठार पार करून ल्हासा. त्या निर्जन मुलखात दोघं वाचले ते एका मंगोल अधिकारी बाईंमुळे. नवरा वारल्यावर त्या भागाचा कारभार त्याच बघत होत्या आणि ल्हासाला परत निघाल्या होत्या. त्यांच्या लवाजम्याबरोबर या दोघांना चालू दिलं, खाऊपिऊ घातलं. कैलास आणि मानसरोवर वाटेत लागले. १८ मार्च १७१६ ला ल्हासा. फ्रेरे थोड्याच दिवसांत हिंदुस्थानात परतले, देसिदेरी एकटे राहिले.

साक्षेपींनी म्हटलेली अडचण, समजून न घेता खोडणं, देसिदेरींच्या बाबतीत बरीच सुटते. राजा ल्हाझांग खानाने त्यांना सांगितलं की आमच्या धर्माचे ग्रंथ आधी अभ्यासा, मग बोला. ते खरोखर सेरा मठात जाऊन राहिले. तिथल्या भिक्षूंबरोबर शून्यतेवरचे ग्रंथ अभ्यासले, वादविवाद ऐकले आणि तिबेटी भाषेत ग्रंथ लिहिले. पुनर्जन्माचा सिद्धांत खोडायचाच होता, पण तो आधी त्यांच्याच तर्काने नीट मांडून. १७१७ मध्ये झुंगारांनी (पश्चिमेकडच्या मंगोल टोळ्यांनी) ल्हासा लुटलं, खान मारला गेला, तरी देसिदेरी तिबेटातच थांबले. त्यांना हरवलं ते रोमच्या कागदाने. तिबेटचं काम कपुचिन या दुसऱ्या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांना दिलेलं होतं, म्हणून जेझुइटांनी निघावं असा निवाडा आला. १७२१ मध्ये ल्हासा सोडावं लागलं. युरोपात परतून त्यांनी तिबेटचा मोठा वृत्तांत लिहिला, तो त्यांच्या हयातीत छापूच दिला गेला नाही. १७३३ मध्ये ते गेले. हस्तलिखित एकोणिसाव्या शतकात सापडलं.

बर्फ, उपासमार, लढाई यांत टिकलेला माणूस आपल्याच लोकांच्या निवाड्यापुढे मान तुकवतो. मला त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात कठीण तेच वाटतं.

दुर्गवेडा

त्सापारांग आज बघता येतं का? माण्याकडून?

हिमवाट

माण्याकडून नाही. माण्याच्या वरचा सगळा सीमाभाग लष्कराच्या ताब्यात आहे, नागरिकांना खिंडीतून पलीकडे जाता येत नाही. त्सापारांग सतलजच्या खोऱ्यात, तिबेटच्या ङारी भागात आहे, जवळचं गाव झांदा, म्हणजे जुनं थोलिंग. कैलास-मानसरोवरला जाणारे काही गट तिबेटातून वाट वाकडी करून तिथे जातात, पण चीनची वेगळी परवानगी लागते. टेकडीवरचा पडका राजवाडा, खाली मातीत कोरलेल्या गुहा, आणि लाल व पांढऱ्या मंदिरांतली भित्तिचित्रं बघायला मिळतात. जाणार असाल तर आंद्रादचं १६२४ चं पत्र आधी वाचा, इंग्रजी भाषांतर उपलब्ध आहे. देसिदेरींवर सुमेधांनी वेगळा धागा काढावा अशी आग्रहाची विनंती.

सुमेधा

काढते. सेरा मठातल्या दिवसांपासून सुरुवात करेन.